कडेवर घ्यायची नाही

माझी कंबर गेली तेव्हा मी चोवीस वर्षांची होते आणि माझी लेक दीड वर्षाची. स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमचं तळवडे तेव्हा निव्वळ शेतकऱ्यांचं गाव होतं. मोठे दीर शेती बघत, आमचे हे देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला जात. घरात सासूबाई, मोठ्या जाऊबाई आणि मी. जाऊबाईंना मूलबाळ नव्हतं.

त्या दिवशी मी इंद्रायणीवरून धुणं घेऊन आले. ओल्या गोधड्यांची पाटी ओट्यावर टेकवायला वाकले आणि कमरेत असं काही सणकलं की पाटी हातातून सुटली. डावा पाय मांडीपासून टाचेपर्यंत पेटला. लचक भरली असेल म्हणून सासूबाईंनी निर्गुडीचा पाला शेकला, गावातल्या एका पायाळू बाईकडून पाठीला पाय लावून घेतला. दोन महिने असेच गेले. बसले की उठता येईना आणि उठले की बसवेना.

शेवटी ह्यांनी पुण्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोटो काढून उजेडासमोर धरला. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, ती झिजली आहे, म्हणाले.

"एवढ्या लवकर?" ह्यांनी विचारलं.

"काहींची लवकर झिजते."

"भरून कधी येईल?"

"भरून येत नाही. सांभाळून राहायचं. फळीवर झोपायचं, बाहेर पडताना पट्टा बांधायचा, वाकून काही उचलायचं नाही."

मी विचारलं, "आणि माझी लेक?"

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "बसल्या जागी मांडीवर घ्या. कडेवर घ्यायची नाही."

डेपोतल्या जुन्या खोक्यांची लाकडं आणून ह्यांनी माझ्यासाठी फळी केली. तिच्यावर काळ्या रंगात इंग्रजी अक्षरं उमटलेली होती. उठायचं कसं हे मी नव्यानं शिकले. आधी कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, मग हातावर जोर देऊन बसायचं. ह्यांनी दगडमाती रचून चूल कमरेएवढी उंच केली, तर गावातल्या बायका बघायला आल्या. "उभ्यानं भाकरी करत्यात व्हय कुठं?" सासूबाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी चुलीला पोतेरं त्यांनीच दिलं.

दुखणं ह्या सगळ्यानं आटोक्यात राहिलं. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, एवढाच काय तो फरक. त्याच्याशी माझं जमून गेलं. लेकीचं मात्र जमेना.

तिला जाऊबाईंनी घेतलं. घ्यायलाच हवं होतं कुणीतरी. सकाळी त्या तिला कडेवर टाकून गोठ्यात जात, तशाच रानात जात. तिचे पाय त्यांच्या कमरेभोवती असे बसलेले असत की जणू तिथलेच. मी फळीवर पडून दारातून बघायची. ती मांडीवर यायची, पण मांडीवर मूल किती वेळ टिकतं? तिला उंचावरून चिमण्या बघायच्या असत, शिंक्यात हात घालायचा असे. ती जाऊबाईंकडं हात पसरायची आणि त्या तिला उचलायच्या. माझे हात मांडीवर तसेच राहायचे.

घरात मला सगळे 'धाकटी' म्हणत, म्हणून लेकही मला धाकटीच म्हणायला लागली. आई म्हणायची ती जाऊबाईंना. "अगं, ती तुझी आय हाय," असं जाऊबाई पुष्कळदा सांगायच्या. "न्हाई," ती म्हणायची, "ती धाकटी." सगळे हसत. मीही हसे.

ती साडेतीन वर्षांची असताना जाऊबाई माहेरी लग्नाला गेल्या होत्या. त्याच दिवसांत माझ्या पट्ट्याचा बंद तुटला. तो शिवून घ्यायला देहूरोडच्या बाजारात चांभाराकडं जायचं होतं. लेक घरी राहायला तयार होईना, म्हणून तिलाही बैलगाडीत घेतलं. दिरांनी आम्हाला बाजारात सोडलं आणि ते पेंड आणायला पुढं गेले. "वडाखाली बसा, मी आलोच," म्हणाले.

बंद शिवून झाला. पट्टा बांधून मी वडाखाली बसले. ऊन कलायला लागलं तरी गाडी दिसेना. लेक कंटाळली. गाडी वाटेत गाठेलच, असा विचार करून आम्ही गावाच्या दिशेनं चालायला लागलो. मैलभर ती छान चालली. मग ओढ्यापाशी तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. ती रडत खाली बसली. मी पट्ट्यामुळं वाकू शकत नव्हते. गुडघे टेकून काटा काढायला गेले तर अर्धाच निघाला. तिला पाय टेकवेना. आसपास कुणी नव्हतं.

तिनं माझ्याकडं बघून दोन्ही हात वर केले. "धाकटे, उचल."

मी तिथंच तिच्याजवळ बसून राहू शकले असते. हे मला तेव्हाही कळत होतं. गाडी कधीतरी येणारच होती. पण दोन वर्षांत तिनं माझ्याकडं असे हात केले नव्हते. मी गुडघ्यावर होतेच, तिला छातीशी धरलं आणि उभी राहिले.

ती किती जड झाली होती. आठवणीतलं तिचं वजन अजून दीड वर्षाच्या पोरीचं होतं. तिनं पाय माझ्या कमरेला घातले, पट्ट्याच्या वरती, आणि गाल मानेवर टेकला. तिच्या केसांना रानातल्या धुळीचा वास येत होता. एका मुठीत तिनं माझं मंगळसूत्र धरलं होतं. मला ठणका जाणवत होता, पायात मुंग्या आल्या होत्या, तरी मी चालत होते. हळूहळू तिचं रडणं थांबलं आणि ती झोपली. झोपल्यावर आणखी जड झाली. गाडी मागून आली तेव्हा मला वाटलं, आणखी थोडी उशिरा आली असती तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी मला कूस बदलता येईना. सहा आठवडे मी फळीवर होते. जाऊबाई माहेरहून आल्या, त्यांनी सगळं ऐकलं आणि माझ्याजवळ येऊन बसल्या.

"एवढं काय नडलं व्हतं? बसायचं व्हतं तितंच. गाडी येतच व्हती न्हवं?"

"मला तिला घ्यायची होती," मी म्हणाले.

 त्या माझ्या अंगावरची गोधडी उगाच सारखी करत राहिल्या. त्या दिवसापासून दुपारी त्या लेकीला आणून माझ्या शेजारी फळीवर निजवायच्या आणि स्वतः बाहेर जाऊन बसायच्या. कधी लेक रडत त्यांच्या मागं जायची. तेव्हा त्या तिला परत आणायच्या. त्यांना ते सोपं गेलं नसणार. पुढं ती मला 'धाकटी आई' म्हणायला लागली. त्याच्या पुढं ती कधी गेली नाही.

लेक मोठी झाली, लग्न होऊन वाकडला गेली. एकदा माहेरपणाला आली असताना आम्ही तिघी ओट्यावर बसलो होतो. कशावरून तरी काट्याचा विषय निघाला. ती जाऊबाईंना म्हणाली, "आई, ओढ्यापाशी माझ्या पायात काटा मोडला होता, तुला आठवतं? तू मला कडेवर घेऊन घरापर्यंत आणलं होतंस."

जाऊबाईंनी माझ्याकडं पाहिलं. त्या काही बोलणार एवढ्यात मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"व्हय," त्या सावकाश म्हणाल्या, "लई जड झाली व्हतीस." आणि चहा टाकायला आत गेल्या.