तक्रार कुणाबरोबर जाते?

समोरच्या मोकळ्या प्लॉटवर पाया खणायला दोन सारख्याच पिवळ्या मशिनी आल्या आहेत. आज सकाळी त्यातली एक अडून बसली. इंजिन गारढोण, नुकतंच चालू केलेलं. आणि केबिनमधल्या पडद्यावर मात्र ते तापल्याचा इशारा. मेकॅनिकने काय करावं? शेजारची धडधाकट मशीनही बंद करायला लावली आणि दोघींचे तापमानाचे सेन्सर काढून एकमेकींना बसवले.

"माझी चालू मशीन कशाला बंद पाडताय?" तिचा ऑपरेटर करवादला.

"थांब रे. तक्रार कुणाबरोबर जाते ते बघू."

दोन्ही इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि आता धडधाकट मशीनच पीं पीं करू लागली.

"बघ. वायर बरी आहे, सेन्सरच गेलाय," मेकॅनिक म्हणाला.

गॅलरीत चहा पिता पिता मला हसूच आलं. आमची आई हेच तर करायची! धाकटी नंदा रोज झोपताना कुरकुरायची, "दादाच्या जागेवर वारा जास्त येतो." आई मुकाट्याने आमच्या जागा बदलायची. जरा वेळाने माझ्या जागेवरून नंदाचा आवाज यायचा, "आई, आता वारा तिकडे गेला!" मग आम्ही तिघंही पोट धरून हसायचो.

आता आई नाही. नंदा तिच्या घरी. हल्ली मला झोप लागत नाही. गादी बदलली, उशी बदलली, पलंग खिडकीशी सरकवला. दोष अंथरुणाचा की माझा, काही कळत नाही. शेजारी दुसरं अंथरूणच नाही, तर जागा बदलून बघू कुणाशी?