पहिली आंघोळ माझी

मैत्रिणींनो, आज माझी फार चिडचिड झाली आहे.

ब्रिस्टलला मी योको-सान नावाच्या जपानी आजींच्या घरी भाड्याने राहते. रोज संध्याकाळी त्या टब गरम पाण्याने भरतात आणि पहिली मला पाठवतात. आंघोळ झाली की मी पाणी सोडून द्यायचे आणि टब लख्ख घासून बाहेर यायचे. आईची शिकवण.

आज शेजारच्या खोलीतली नेहा म्हणाली, "अगं, ते पाणी सगळ्यांसाठी असतं. आधी बाहेर अंग धुवायचं, मग टबात नुसतं बसायचं. टाकीत एकाच टबापुरतं गरम पाणी असतं. तू आल्यापासून आजी टबात बसलेल्याच नाहीत."

मी तशीच खाली गेले. "तुम्ही मला बोलला का नाहीत?"

त्या हसल्या. "तू टब किती छान घासतेस."

घरातली पहिली पदवीधर मी, आणि साधी आंघोळ चुकले. पण राग त्याचा नाही. आई पहिल्याच दिवशी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं ओरडली असती. पाहुणीवर कुणी ओरडत नाही.

म्हटलं, आज आधी तुम्ही जा. तर म्हणाल्या, "छे, पाहुणी आधी."

तुम्हीच सांगा, आपल्यावर कुणी ओरडावं इतकं घरचं कसं व्हायचं?