पाचव्या ठिकाणाहून काय दिसते?

मोबाईल हातात धरून डबे शोधत हिंडायचा नाद आम्हाला लागला, तेव्हापासून एक गोष्ट मी छातीठोक सांगते. डबा सापडो न सापडो, किस्सा हमखास सापडतो! इतके साठलेत की घरचे आता मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढवतात. तुम्ही सापडलात, ऐका.

याला जिओकॅशिंग म्हणतात. खेळ सोपा आहे. फोनमधला नकाशा तुम्हाला एका जागेवर नेतो. कधी तिथं छोटा डबा दडवलेला असतो, आतल्या चिठ्ठीवर आपलं नाव टाकायचं. कधी डबा नसतो, प्रश्न असतो. त्या जागेवर पोचल्याशिवाय तो उघडत नाही, आणि उत्तर तिथं पाहूनच द्यायचं. सगळी ठिकाणं झाली की अ‍ॅपवर दोन ओळींची नोंद टाकायची, मोहीम पूर्ण!

आम्ही तिघं. अमरावतीत दहावीच्या शिकवण्या घेणारी मी, अकोल्यात चष्म्याचं दुकान असलेला मंगेश, आणि शेंदूरजनाघाटचे संत्र्याच्या बागेचे मालक गजूभाऊ. डोकं माझं, गाडी मंगेशची, शिदोरी गजूभाऊंची. कुणाचा वाटा मोठा यावर वाद आहे, पण तो विनाकारण आहे. माझाच.

* * *

पहिला डबा अकोल्यात, एका बगिच्याच्या कोपऱ्यात. नियम असा की बाहेरच्या माणसाला खेळाचा पत्ता लागू द्यायचा नाही. मंगेश बाकाखाली वाकला, तोच एक काका आले.

"काय हरवलं भाऊ?"

"काही नाही, चावी!" मंगेशनं थाप मारली.

झालं! वऱ्हाडात चावी हरवली असं म्हणून पाहा एकदा. काका वाकले, त्यांचा मित्र वाकला, पोरं खेळ सोडून आली, एका आजींनी तर पानांचा ढीगच विस्कटला. शेवटी एका पोरानं खरंच कुठली तरी गंजकी चावी शोधून आणली! मंगेशला ती घेऊन सगळ्यांना चहा पाजावा लागला.

चहा पिता पिता काका म्हणाले, "चावी भेटली, बरं झालं. तिथंच एक फालतू डबा पडला होता, तो म्या फेकला नालीत!"

* * *

एकदा मंगेशची गाडी गॅरेजला होती म्हणून एसटीनं निघालो. गुरुकुंज मोझरीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक ठिकाण होतं. बस तिथून जात असताना मंगेशच्या फोनवर प्रश्न उघडला. हा गडी उभा राहून ओरडायला लागला, "थांबवा थांबवा! प्रश्न उघडला!"

कंडक्टरनं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "प्रश्न उघडला म्हणून दरवाजा नाही उघडत. बसा खाली!"

पूर्ण बस हसली. मी खिडकीबाहेर पाहत बसले, जसा काही हा माणूस माझ्या ओळखीचाच नाही.

* * *

परतवाड्याचा किस्सा तर ऐकाच. बाजारातल्या एका दुकानासमोर प्रश्न होता, 'शटरचा रंग कोणता?' शटर निळंशार. लिहिलं निळा. चूक! आकाशी लिहिलं, जांभळा लिहिलं, चूकच. मी भडकलेच. दहावीच्या पोरांचे पेपर तपासणारी बाई मी, मला फोन चूक म्हणतो?

शेवटी दुकानदारालाच विचारलं. "भाऊ, हे शटर आधी कोणत्या रंगाचं होतं?"

"हिरवं. पण ताई, पाच-सहा महिन्यांपासून लोकं येतात, शटरकडे टक लावून पाहतात अन् निघून जातात! मले वाटलं लयच खराब दिसून राहिलं. म्हणून नवा रंग मारला!"

* * *

आता गजूभाऊ. त्यांना हा नाद लावला त्यांच्या लेकीनं. पल्लवी पुण्याला नोकरी करते. एका दिवाळीत तिनं बापाच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं. गजूभाऊ खूश होऊन म्हणाले, "आपल्या गावातबी असं करता येते काय?"

पल्लवी हसली. "बाबा, आपल्या गावात पाहण्यासारखं आहे काय?"

पोरीनं मस्करीत म्हटलं, पण ते बापाला लागलं. त्यांनी मला अमरावतीहून बोलावून घेतलं आणि पाच ठिकाणांची मोहीम बनवली. संत्र्याची मंडी, शाळेची घंटा, नदीवरचा पूल, पिंपळाचा पार. ही चार माझ्या मदतीनं झाली. पाचवं त्यांनी एकट्यानं केलं, स्वतःच्या बागेत, पार टोकाच्या विहिरीजवळच्या बांधावर.

"कोणी खेळो न खेळो," ते मला म्हणाले, "मले हे पल्लवीकडून पूर्ण करून घ्यायचं हाय."

पल्लवी सणाला यायची, लॅपटॉप उघडायची, परत जायची. गजूभाऊ विचारायचे. ती म्हणायची, "पुढच्या वेळी नक्की, बाबा." ते मान हलवायचे, आणि मला फार वाईट वाटायचं.

* * *

पाचवा प्रश्न होता, 'इथून काय दिसते?'

नागपूरचं एक जोडपं हौसेनं आलं. चार ठिकाणं झटपट केली आणि पाचव्याला अडकलं. विहीर, चूक. सातपुडा, चूक. मोबाईलचा टॉवर, चूक. देवळाचा कळस, तोही चूक! दुपार झाली तसं शोभावहिनींनी, म्हणजे गजूभाऊंच्या बायकोनं, त्यांना पाटावर बसवलं. मीही होतेच.

पोळी वाढता वाढता वहिनी सांगत होत्या, "पल्लवी लहान होती तवा बापलेक दिवसभर विहिरीकडे. मोबाईल कुठं होता तवा? सैपाक झाला का मी गच्चीवर लाल लुगडं टाकू. ते दिसलं का दोघं पळत येत जेवाले. आता का, पल्लवीच्या बाबाले मिस्ड कॉल देतो!"

मी "वा!" म्हटलं आणि वांग्याची भाजी अजून थोडी घेतली. डोकं माझं म्हणून मघाशी सांगितलं ना, ते त्या दिवशी घरी राहिलं असावं.

जोडप्याची नोंद आली. 'पाचवं उत्तर आलं नाही. भाजी अप्रतिम!'

असे कितीतरी आले, जेवून गेले. पूर्ण कुणाचीच झाली नाही. मंगेश चिडला. "गजूभाऊ, प्रश्न बदला! तिथं संत्र्याच्या झाडांशिवाय काहीच दिसत नाही!"

"उत्तर बरोबर हाय," गजूभाऊ म्हणाले. "ज्याले येते त्याले येते."

* * *

मागच्या हंगामात पल्लवी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिऊन कुणाला न सांगता फोन घेऊन निघाली. वहिनींनी आम्हाला लागलीच कळवलं, "पोरगी पुलावर उभी हाय म्हणते कोणी!" मंगेश आदल्या रात्रीपासून अमरावतीतच होता, म्हणून आम्ही दोघं तसेच गाडी काढून दुपारच्या आत शेंदूरजनाघाटला पोचलो.

गजूभाऊ अंगणात येरझारा घालत होते. मी म्हटलं, "जा ना तिच्याजवळ."

"काहून? म्या गेलो तर ती मले विचारन. अन् मले सांगल्याबिगर राहवणार नाही!"

आत वहिनींचा स्वैपाक झाला. ताटं मांडली. कुणी बसेना. आणि गजूभाऊंच्या खिशात फोन वाजला. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, आणि फोन माझ्या हातात दिला. "तूच वाच बाप्पा."

मी मोठ्यानं वाचलं. 'पाचही पूर्ण! लुगडं लिहिलं, पहिल्या झटक्यात बरोबर. बाबा, इथून काहीच दिसत नाही, झाडं केवढी वाढली! पण भूक लागली.'

गजूभाऊ मटकन खाटेवर बसले. रडत होते आणि हसतही होते. मंगेश उगाच गाडीच्या काचा पुसायला लागला.

वहिनी आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात विटलेलं लाल लुगडं होतं, आणि त्या तरातरा जिन्याकडे निघाल्या.

मंगेश ओरडला, "वहिनी, झाडं आड येतात, तिला दिसणार नाही! मिस्ड कॉल द्या ना!"

वहिनी अर्ध्या जिन्यात थांबल्या.

"मिस्ड कॉल तुमाले देतो रे. पोरीले का मिस्ड कॉल देतात?"