नवरीच्या नखांचा भाव

बांगड्या भरून झाल्या की बाई भरणारीला वाकून नमस्कार करते, ही आपल्याकडची रीत. भरणारी वयाने लहान असली तरी करते. पाटोद्याच्या बाजारात आमचं बांगड्यांचं दुकान होतं, गादीवर आई बसायची, आणि बाजाराच्या दिवशी तिच्यापुढे इतकी डोकी वाकायची की मी तिला चिडवायचे, महादेवाच्या देवळात तरी एवढे नमस्कार पडतात का. आई म्हणायची, "त्यो नमस्कार मला न्हाई गं, हाताला हाय." दुकानाचे नियम तिचे तिने ठरवलेले होते. भरताना बांगडी फुटली तर नुकसान दुकानाचं, हा पहिला. नवरीच्या चुड्याचा भाव सांगायचा नाही, हा दुसरा. नवरीकडची माणसं खण-नारळ आणि राजीखुशीने जे ठेवतील ते घ्यायचं.

माझी धाकटी बहीण आईच्या मांडीशी बसूनच हे काम शिकली. अंगठ्याचं हाड कसं आत दाबायचं, पोरीला बोलण्यात कसं गुंतवायचं, घामेजलेल्या हाताला पावडर किती लावायची, सगळं तिला माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मी हात लावला की बांगडी फुटलीच म्हणून समजा. माझ्यात सबुरी नव्हती, आजही नाही. तिच्यात मात्र आमच्या दोघींच्या वाटणीची होती.

ती दहावीला असताना तिच्या बोटांवर पांढरे डाग आले. आधी नखांच्या कडेला, मग पेरांवर, मग मनगटापर्यंत. बीडच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि स्वच्छ सांगितलं, कोड स्पर्शाने होत नाही. आई हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकीला सांगायची. बाया माना डोलवायच्या, "आमाला ठावं हाय की" म्हणायच्या, आणि हात मात्र आईपुढेच करायच्या. एकदा आई जेवायला गेलेली असताना बहिणीने एकीचा हात धरला. त्या बाईचं लक्ष तिच्या बोटांकडे गेलं, आणि तिने हात असा हिसकला की सगळ्या बांगड्या खालच्या फरशीवर फुटल्या. बाईला जराशी काच लागली. बहिणीने काचा गोळा केल्या, नुकसान दुकानाचं म्हणाली, आणि त्या दिवसापासून ती मागच्या खोलीत बसून खोकी लावू लागली. कपिलधारच्या यात्रेत आम्ही दुकान मांडायचो, तेव्हाही ती घर राखायला मागे राहायची.

लग्नाचा विषय तिने स्वतःच बंद केला होता. आलेल्या पाहुण्यांनी चहा न पिता उठणं तिला पुरे झालं होतं. ती मला एकदा म्हणाली, "अक्का, मला एकच वाटतं बघ. एखाद्या नवरीचा हात मी सजवावा आन तिनं मला वाकून नमस्कार करावा. आईला करत्यात तसा." तिने परत कधी हे बोलून दाखवलं नाही. मला मात्र तिच्याकडे बघितलं की तेच आठवायचं, आणि गावाचा राग यायचा. बहीण जाऊन आता बरीच वर्षं झाली, तो राग अजून गेलेला नाही.

मी तेव्हा बीडला पार्लरचा कोर्स करून आले होते. दुकानाच्या कोपऱ्यात आरसा-खुर्ची मांडून पोरींच्या भुवया कोरायचे. गावात नुकतीच केबल आली होती. दुकानात शाम्पूच्या पुड्या दोरीला लटकू लागल्या होत्या, आणि तोवर लाल नाहीतर गुलाबी एवढीच माहीत असलेली नेलपॉलिश निळी, चंदेरी, चॉकलेटी होऊन येऊ लागली होती. कोर्समध्ये बाईंनी शेवटी शेवटी नेल आर्ट दाखवलं होतं. मी ते घरी येऊन माझ्याच नखांवर करून बघितलं आणि सगळं लिंपून ठेवलं. बहीण बराच वेळ माझ्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "अक्का, ह्याला हात धरावा लागत न्हाई."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मेंदीला हात धरावा लागतो, बांगडीला तर दाबावा लागतो. नखाला नाही. तिने घरातला जुना पोळपाट काढला, त्यावर कापडाची घडी घातली. गिऱ्हाइकाने त्यावर हात पसरायचा, आणि तिने खराट्याची बारीक काडी रंगात बुडवून समोरून काम करायचं. रंग कातडीला लागला तर दुसऱ्या काडीला कापूस गुंडाळून पुसायचा. "बोट उचला", "अंगठा वळवा", एवढं बोलायचं, पण स्पर्श करायचा नाही. महिनाभर ती माझ्या हातावर असा सराव करत होती. मी तिची सख्खी बहीण, तरी तिने माझ्याही हाताला बोट लावलं नाही. मी म्हटलं, "मला धर की बाई, मी कुठं पळून चालले?" तर म्हणाली, "तुला धरायची सवय लागली तर गिऱ्हाइकाला चुकून धरीन."

आता गिऱ्हाईक आणायचं कसं? शहरात असे नमुने काम करणारीच्या स्वतःच्या नखांवर असतात. आमच्याकडे काम करणारीची नखं दाखवायची सोय नव्हती. तिने चिंचोके घेतले. पॉलिश केलेला चिंचोका नखासारखाच दिसतो. प्रत्येकावर वेगळी नक्षी काढली, कुठे वेल, कुठे मोराचा डोळा, कुठे टिकलीच्या पाकिटातले खडे, आणि ते सगळे एका पुठ्ठ्यावर चिकटवले. मी प्रत्येकाखाली दर लिहिला. साधा रंग बोटाला एक रुपया, नक्षी दोन, खडे लावून तीन. पुठ्ठा दुकानाच्या तोंडाशी टांगला.

आई नाराज झाली. "पाटी लावली की घासाघीस संपली, आन घासाघीस संपली की बाई दुकानात बसत न्हाई." ती भाव सांगायची हात हातात घेतल्यावर. कापूस वेचून चिरलेला हात असेल तर भाव उतरायचा, मऊ हात असेल तर चढायचा. मी म्हटलं, हिला हात कुठे हातात घेता येतो? बोलून गेल्यावर मला वाईट वाटलं.

बहिणीने मग तोडगा काढला. डझनभर बांगड्या घेणारीला डाव्या हाताची करंगळी फुकट. मला वाटलं, बाया फुकटची करंगळी रंगवून घरी जातील. ती हसली. एकच बोट नटवून कुठली बाई घरी जाईल? जाऊबाई विचारणार, बाकीची बोटं काय सावत्र हायत का. आणि झालंही तसंच. करंगळी बघून बाया तिथेच उरलेली बोटं पसरायच्या, घासाघीस आईशी व्हायची, आणि बहीण खाली मान घालून रंगवत राहायची. नखं रंगवताना तिच्या डागांकडे कुणी बघत नव्हतं, सगळ्यांचं लक्ष आपापल्या नखांकडे. शेतात जाणाऱ्या बायांचा रंग आठवडाभरही टिकायचा नाही, तरी त्या पुढच्या बाजाराला यायच्या. ती गादीच्या शेजारी, उजेडात बसू लागली. त्या दिवसांत ती गुणगुणायची.

प्रश्न आला नवरीचा. मी म्हटलं, शहरात नवरीचा दर सगळ्यात जास्त असतो, पाटीवर तोही लिहू. बहीण कधी माझ्या शब्दाबाहेर जायची नाही, पण तिथे अडून बसली. "नवरीला दर न्हाई लावायचा. चुड्याला लावतो का आपण?" मी खर्च सांगितला, रंगांच्या बाटल्या सांगितल्या. ती ऐकेना. शेवटी मला उमगलं. दर दिला की व्यवहार मिटतो, दर देणारी बाई वाकत नाही. खण-नारळ दिला की मागून नमस्कार येतो. तिने नवरीचा भाव त्या नमस्कारासाठी सोडला होता. मी पाटीवर काहीच लिहिलं नाही.

लग्नसराईत बाजारातल्याच एका व्यापाऱ्याची मुलगी चुडा भरायला आली. बरोबर तिची आई, आत्या आणि पोरींचा घोळका. मुलीने आधीच चिंचोक्यातला मोराचा डोळा हेरून ठेवला होता. आमच्या आईने चुडा भरला. नमस्कार करायला मुलगी उठू लागली तर आई म्हणाली, "बस गं, नखं झाल्यावर दोन्हीचा एकदाच कर." आणि चुना आणायचं निमित्त करून ती मागच्या खोलीत गेली. मला ठाऊक होतं ती कशाला गेली. नमस्काराच्या वेळी समोर एकटी बहीण असावी म्हणून.

बहिणीने त्या दिवशी जे काम केलं तसं पुन्हा तिच्या हातून झालं नाही. पोरीसुद्धा बोलायच्या थांबल्या होत्या. शेवटचा खडा बसला, आणि नवरी ओली नखं सांभाळत, बोटं फाकवून, माझ्या बहिणीपुढे वाकली. अर्धी वाकली असेल. तिच्या आईने तिचा दंड धरला.

"हिला न्हाई. मावशीला येऊ दे."

नवरी तशीच उभी राहिली. आमची आई मागच्या खोलीतून धावत बाहेर आली. म्हणाली, "नखं हिनं केल्यात. हिला करू दे नमस्कार, आवो आजार न्हाई तो."

"तुमी मनाला लावून घेऊ नका मावशी. लग्नाचं घर हाय. कामाचं पैसं देते की तिला." आणि मग माझ्याकडे वळून, "दहा बोटांचं किती?"

माझं डोकं फिरलं होतं. तोंडाला येईल तो आकडा मी सांगितला, पाटीच्या दुप्पट-तिप्पट. ती घासाघीस करेल, मग मी तिला बाजारात ऐकवीन, असं मनात होतं. तिने एका शब्दाने घासाघीस केली नाही. आमच्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. तिने नोटा पोळपाटावर ठेवल्या, बहिणीच्या हातात नाही, आणि खण-नारळ आईच्या ओटीत घातला. नवरीने आईला नमस्कार केला. आईच्या तोंडून आशीर्वाद निघेना.

त्या गेल्यावर मी खूप बोलले, शिव्यासुद्धा दिल्या. बहिणीने काड्या पुसून डब्यात ठेवल्या. मग पुठ्ठा काढून माझ्यापुढे ठेवला. "अक्का, नवरीचा दर लिही आता."

आईने विचारलं, "कावून गं?"

"दर लिहिला की कुणी वाकायचं न्हाई. मग वाट बी बघावी लागत न्हाई."

मी लिहिला. आईने दुकानाच्या फळ्या उन्हं असतानाच लावल्या आणि गिऱ्हाइकाच्या जागी येऊन बसली. जन्मात तिने नखाला रंग लावला नव्हता. बांगड्या भरून भरून काचेने चिरलेला हात तिने पोळपाटावर पसरला आणि म्हणाली, "मला बी काढ मोराचा डोळा." बहिणीने काडी बुडवली आणि समोरून, हात न लावता, काढू लागली.

"धर की माझा हात," आई म्हणाली. "आता कोण बघतंय?"

"नको आई," ती म्हणाली. "धरला की माझा हात हलतो आता."

आईने हात काढून घेतला नाही. बोट उचल म्हटलं की उचलत होती, अंगठा वळव म्हटलं की वळवत होती.