पत्र्यांचं भिंग

एकोणीसशे पन्नासनंतरच्या त्या वर्षांत मी निघोज्याहून सायकलने पिंपरीजवळच्या एका कारखान्यात पत्राकामाला जायचो. तिथे रडारच्या लहरी एकाच दिशेला सरळ जाव्यात म्हणून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांचं भिंग बनत होतं. ठरावीक अंतर सोडून पत्रे उभे करायचे आणि त्यांच्यामागे लहरी सोडणारं धातूचं शिंग बसवायचं. पत्रे मी लावले होते, शिंग इंजिनिअरसाहेबांनी स्वतः बसवलं होतं.

चाचणीत लहरींचा झोत डावीकडे गेला. सगळ्यांदेखत साहेब माझ्यावर ओरडले, "पत्रे वाकडे लावलेत! नांगर धरणाऱ्या हाताला हे काम दिलंच कुणी?"

"पत्रे सरळ हायेत, साहेब. मोजून बघा."

"तू मला शिकवणार?"

ते जेवायला गेल्यावर मी एकूणएक फट पुन्हा मोजली. कुठेच चूक नव्हती. मग शिंग मोजलं, तर ते बोटभर उजवीकडे सरकलेलं. मी ते मधोमध आणलं आणि झोत मोजणाऱ्या मीटरवाल्याला पुन्हा चाचणी घ्यायला लावली. झोत सरळ आला.

साहेबांनी परत येऊन मीटरचा काटा पाहिला. "शिंगाला हात लावायला तुला कुणी सांगितलं?" एवढंच ते बोलले. अहवालात त्यांनी 'पत्रे दुरुस्त केले' असं लिहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला रंगखात्यात धाडलं.

पुढे त्यांच्या निरोपसमारंभात हार घालायला माझं नाव पुकारलं गेलं. मी खुर्चीतून उठलो नाही. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.