फळीवरची जागा

सकाळी अंथरुणातून उठलं की पहिली चार पावलं मला चवड्यांवर टाकावी लागायची. पोटरीतून खाली टाचेत उतरणारी ती जाड दोरी, आमच्याकडं तिला धोंडशीर म्हणतात, झोपेत कुणीतरी आवळून ठेवल्यासारखी व्हायची. मोरीपर्यंत गेलं की सैल पडायची आणि बाजारात दुसऱ्या ट्रकाला पुन्हा ठणकायला लागायची. बोटांनी चाचपलं तर तिथं सुपारीएवढी गाठ लागायची.

मी तुर्भ्याला कांदा-बटाट्याच्या बाजारात हमाल होतो. आमच्या टोळीत थप्पी लावणारे वेगळे आणि फळीवर चढणारे वेगळे. जमिनीपासून ट्रकापर्यंत तिरकी फळी टाकायची आणि पाठीवर गोणी घेऊन तिच्यावरून वर जायचं, ही माझी जागा. नऊ वर्षं माझीच. चढावर टाच खाली राहते आणि सगळा ताण त्या शिरेवर येतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी आपला रोज गरम तेलानं ती रगडून घ्यायचो. ती आणखी सुजायची.

श्रावणात एकदा गोणीसकट फळीवरच बसलो, तेव्हा मुकादम म्हणाला, "दिवाळीपतुर बरा हो. तवर बदली दे. दिवाळीला आला न्हाईस तर बदलीच कायम."

आजारी माणसानं आपल्या घरातला माणूस बदली द्यायचा, अशी टोळीची रीत. मी मेहुण्याला दिलं. बायकोचा धाकटा भाऊ. साताऱ्याकडून मीच त्याला आणला होता आणि तळवलीच्या आमच्या एका खोलीत तो आमच्याजवळच राहायचा.

आठच दिवसांत मुकादम घरी येऊन सांगून गेला, "पोरगं फळीवर हरणावानी पळतंय." नऊ वर्षांत मला कुणी हरीण म्हटलं नव्हतं. संध्याकाळी बायको त्याच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढायची. "दमून आलाय त्यो," म्हणायची. मी दमून यायचो तेव्हा ही भाकरी कुठं होती, असं ओठांवर यायचं. घरात बसलेल्या माणसानं असं विचारू नये एवढी अक्कल होती, म्हणून नुसताच जळत बसायचो.

सरकारी दवाखान्यात व्यायाम शिकवणारी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं शीर दोन बोटांत धरून बघितली आणि म्हणाली, "ही चोळायची नाही. नुसतं बसूनही भागणार नाही. झिजलेली दोरी आहे, तिला हळूहळू पुन्हा भार घ्यायला शिकवायचं." जिन्याच्या पायरीच्या कडेला चवड्यांवर उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं, मग दुखऱ्या पायावर भार घेऊन टाच अगदी सावकाश पायरीखाली सोडायची. पंधरा-पंधरा वेळा, तीनदा. सकाळी आणि संध्याकाळी. बारा आठवडे. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या सकाळी जास्त दुखलं तर कमी करायचं. "सोपं वाटायला लागलं की पाठीवर थोडं वजन घ्या," ती म्हणाली.

बारा आठवडे म्हणजे बरोबर दिवाळी. मी खोलीबाहेरच्या जिन्यावर सुरू केलं.

चौथ्या आठवड्यात न राहवून बाजारात गेलो आणि चहाच्या टपरीवर बसून मेहुण्याला बघितलं. खरंच सुरेख चढत होता. माझ्याहून सुरेख. अंगाचा नुसता तिळपापड झाला. संध्याकाळी शेजाऱ्याकडून कांद्याची भरलेली गोणी मागून आणली, पाठीवर घेतली आणि पायरीच्या कडेला उभा राहिलो. घरमालक गावातला जुना शेतकरी. तो खालून ओरडला, "काय रं, गोनी घेऊन जिन्यावर काय करतंस? जिना मोरल ना माजा!"

जिना काही मोडला नाही. मला दुसऱ्या सकाळी मोरीपर्यंत रांगत जावं लागलं. डॉक्टरीण कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, वजन म्हणजे पोरांच्या दप्तराएवढं!" आम्हा हमालांच्या लेखी वजन म्हणजे गोणी. दप्तराला कोण वजन म्हणतं? पण त्या हट्टात माझे दोन आठवडे गेले.

दसरा झाला. दप्तर पाठीवर घेऊन मी नेटानं टाच सोडत होतो आणि गाठ ओसरत चालली होती. अशात एका सकाळी मेहुणा अंथरुणातून उठला आणि पहिली चार पावलं चवड्यांवर टाकत मोरीकडं गेला.

मी पडल्या पडल्या बघितलं. ती पावलं मी ओळखणार नाही तर कोण? त्याला तेव्हाच जिन्यावर नेलं असतं तर काम सोपं होतं. पण मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आठ दिवस मी ती पावलं रोज बघितली आणि मूग गिळून गप्प बसलो.

नवव्या सकाळी तो मोरीच्या कट्ट्याला धरून उभाच राहिला, तेव्हा बायकोनं बघितलं.

"कवापास्नं दुखतंय?"

"गणपतीपास्नं."

"आन बोलला न्हाईस?"

"बोलून काय करू, आक्का? मी बसलो तर आपल्या घरात दुसरं हाय कोण? मुकादमाचा पुतण्या टपूनच हाय. दाजींची जागा गेली आसती."

बायको माझ्याकडं वळली. "तुमी तर ह्यातनंच गेलाय. तुमच्या ध्यानात न्हाई आलं?"

"नाही," मी म्हणालो.

दिवाळीला माझी जागा मला परत मिळाली. त्याला मी रोज जिन्यावर उभा करायचो, दप्तर स्वतः भरून द्यायचो, पंधरा आकडे मोठ्यानं मोजायचो. तो थप्पीवर लागला आणि चांगला टिकला. पण त्याची शीर माझ्यासारखी पुरती सुधारली नाही. अजूनही सणावाराला आमच्याकडं राहायला आला की सकाळी पहिली चार पावलं तो चवड्यांवर टाकतो. मी तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून पडतो.