बाबांचा पिट्ठू

समुद्रकाठानं पायी फिरायचं हे खूळ बाबांच्या डोक्यात कुठून शिरलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. आमच्या घराण्यात कोणी समुद्र पाहिलेला नव्हता. अल्लीपूरकडची आमची शेतकरी मंडळी. फार झालं तर नागपूर, आणि त्याहून फार झालं तर अस्थी घेऊन अलाहाबाद. बाबा शिकले आणि वर्ध्याच्या एका कचेरीत चिकटले. सिंदी मेघेत आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. आदल्या वर्षी टेबलावर काम करता करता त्यांच्या छातीत कळ आली होती आणि तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. फक्त तो कोणी मोठ्यानं काढत नसे.

डॉक्टर म्हणाले होते, चालत जा, पण सावकाश, आणि दम लागला की थांबा. बाबांनी त्यातलं ‘चालत जा’ तेवढंच ऐकलं. बाकीचं ऐकायचं काम आईकडं आणि माझ्याकडं आलं. ते न्हाणीत जरा जास्त वेळ राहिले तरी आई दाराशी जाऊन उगाच बादली वाजवायची. आतून बाबा ओरडायचे, “हावो, जिता हाओ!”

दिवाळी झाली आणि त्यांनी आम्हाला गिरडला नेलं. दर्ग्याची टेकडी कुठंही न थांबता चढून गेले आणि वरून आमच्याकडं बघत उभे राहिले. आम्ही मायलेकी धापा टाकत वर पोचलो तेव्हा म्हणाले, “पाह्यलं? झालं का मले काई?” ही सगळी तयारी कोकणात जायची परवानगी काढण्यासाठी होती, हे आम्हाला तिथं कळलं. आई पायरीवरच बसली. बराच वेळ पदरानं वारा घेतल्यावर म्हणाली, “जा बाप्पा. पन पोरगी संगं जाईन.”

पोरगी म्हणजे मी. बीए होऊन घरी बसले होते, स्थळं येत होती आणि जात होती. लग्नाच्या पोरीला पाठीवर ओझं देऊन रानोमाळ हिंडवतात का, असं शेजारणी म्हणाल्याच. आईनं त्यांना उडवून लावलं. तिला माझ्या लग्नापेक्षा मोठी काळजी होती.

बाबांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून फौजी कापडाचे दोन खाकी पिट्ठू, पाठीवर अडकवायच्या पिशव्या, आणले होते. त्यांचा मोठा, माझा लहान. स्टेशनवर मी त्यांचा घ्यायला गेले तर त्यांनी माझा हात झटकला. ते पाणी भरायला गेले तेव्हा आई माझ्या कानाशी आली.

“दम लागला त हे तोंडानं सांगाचे नाईत. तूच पाह्यजो आन थांबवजो. ज्या दिवशी पिट्ठू तुह्या हातात देतीन, त्या दिवशी समजजो, लय झालं.”

हे वाक्य घेऊन मी समुद्रावर गेले. लोक तिथून शंख-शिंपले आणतात.

समुद्र छान होता, यात वाद नाही. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन, ओली घट्ट वाळू, उजव्या हाताला सतत ते पाणी. बाबांनी धोतर खोचलेलं, डोक्याला पंचा, पाठीवर पिट्ठू. चालताना ते गुणगुणायचे आणि मी त्यांच्या मागून त्यांची मान बघत चालायची. मानेवर घाम आला की मी जवळ सरकायची. घाम उन्हाचा की छातीचा, हे मागून कसं ओळखायचं? पुढं जाऊन तोंड बघावं तर ते चिडायचे. “माह्या तोंडाकडं काय पाह्यतं, समुद्र पाह्य ना!” म्हणून मी शिंपले वेचायचं निमित्त काढून पुढं पळायची, वाकायची आणि खालून त्यांच्या ओठांचा रंग बघायची. त्या प्रवासात मी पोतंभर शिंपले उचलले असतील, त्यातला एकही मला आठवत नाही.

मुक्काम कुठं करायचा यावरून आमचं रोज वाजायचं. मी गाव निवडायची ते दवाखाना बघून. वेशीवर पोचले की पहिला प्रश्न तोच, डॉक्टर कुठं बसतात. बाबा गाव निवडायचे ते असंच, मनाला येईल तसं. इथं माडांची सावली विरळ आहे, इथली विहीर फार आत आहे, इथं कुत्रीच फार. आणि सगळं चांगलं असलं तर, “पुढच्या गावी थांबू.” पुढचं गाव हे बाबांचं ठरलेलं उत्तर होतं. कधी देवळाच्या ओसरीवर, कधी शाळेच्या पडवीत आम्ही पथारी टाकायचो. झोपायच्या आधी मी हात पुढं करायची, “उद्या तुमचा पिट्ठू मी घेतो, बाबा.” ते म्हणायचे, “घे ना, मी मेल्यावर.” असं बोलून हसायचे. मला त्यांचा असा राग यायचा की सांगता सोय नाही.

आणि मग ती खाडी आली. खाडी असं आता म्हणते. त्या दिवशी आमच्या दोघांच्या लेखी ती नदी होती. दोन्हीकडं काठ, मधोमध वाळूचा लांब पट्टा, त्याच्या अलीकडं-पलीकडं घोटाभर पाणी. थेट आमची वर्धा नदी, उन्हाळ्याच्या तोंडावरची. बाबांचं लहानपण नदीकाठी मामाच्या डांगरवाडीत गेलं होतं. नदी उतरली की पात्रातल्या वाळूत टरबुजाचे आणि डांगराचे वेल लावायचे, राखणीला तिथंच झोपडी घालायची, तिथंच निजायचं. तहान लागली की वाळूत हातानं खड्डा करायचा आणि झिरपून आलेलं गार पाणी ओंजळीनं प्यायचं. त्या खड्ड्याला झिरा म्हणतात. आमच्याकडं एकदा उतरलेली नदी पावसाळ्यापर्यंत पुन्हा चढत नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं, कारण शिकवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. भरती-ओहोटी माहीत होती, नाही असं नाही. पण ती समुद्राची, आणि समुद्र तर तिकडं लांब होता.

वाळूच्या पट्ट्यावर पोचलो आणि बाबा खाली बसले. पिट्ठू काढून शेजारी ठेवला.

“मी बसतो इथं. तू पलीकडच्या गावात जा, जागा पाहून ये.”

“दमले का, बाबा?”

“दमतो कायले? मामाच्या वाडीत आल्यावानी वाटून राह्यलं. झिरा करतो मस्त. येजो तू पानी प्याले.”

आणि खरंच हातानं वाळू उकरायला लागले. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदा आपण होऊन थांबले होते. मी इतकी खूश झाले की माझी पाहणी करायचीच राहिली. ओठ बघितले नाहीत, मान बघितली नाही. माझा पिट्ठूही तिथंच टाकला आणि पलीकडचं पाणी छपछप करत ओलांडून गेले.

गाव मनासारखं मिळालं. एका मास्तरांच्या घरची पडवी, मागं आड, आणि त्याच आळीच्या टोकाला दवाखाना. मास्तरांच्या बायकोनं चहा टाकला. मी निवांत बसून चहा प्यायले, आमच्याकडं कपाशीची पऱ्हाटी कशी असते, ऊन किती तापतं, असल्या गप्पा मारल्या. तिनं सहज विचारलं, वडील कुठं आहेत. म्हटलं, नदीत बसले आहेत, मधल्या वाळूवर.

तिच्या हातातली कपबशी तिथंच राहिली. पाणी मघापासून चढतंय, असं काहीसं ती बोलली आणि नवऱ्याला हाका मारत आत पळाली. होडी हा शब्द मी ऐकला. चप्पल न घालताच मी धावत सुटले.

काठावर आले आणि मला ती जागाच ओळखू येईना. जिथं घोटाभर पाणी होतं तिथं गढूळ, जाड पाणी सरकत होतं, आणि ते समुद्राकडं न जाता समुद्राकडून आत येत होतं. नदी उलटी वाहताना मी जन्मात पाहिली नव्हती. पट्ट्याची वाळू चटईएवढी उरली होती. चटईवर बाबा बसले होते, दोन पिट्ठू मांडीवर घेऊन. मला बघून त्यांनी हात हलवला आणि ओरडले, “झिरा भरला वं! पाह्य कसं पानी येऊन राह्यलं!”

“बाबा, उठा! पानी चढून राह्यलं, उठा!”

ते उठले. आणि पुन्हा बसले.

तेवढं एकच मी पाहिलं, आणि मला सगळं समजलं. पाण्यात शिरले. मला पोहता येत नव्हतं, आजही येत नाही. गुडघे, मांड्या, कंबर, आणि मग खालची वाळूच सरकायला लागली. पुढं जाता येईना, मागं जायला मन होईना. मी नुसती उभी राहून “बाबा, बाबा” ओरडत होते. लहान पोरीसारखी रडत होते, आणि सोबतीला त्यांना शिव्याही देत होते, ज्या मुलीनं बापाला देऊ नयेत. मास्तर आणि त्यांचा भाऊ होडी घेऊन आले, त्यांनी आधी मला ओढून वर घेतलं, मग बाबांना. बाबांचे पाय तेव्हा पाण्यात होते. होडीत मी त्यांचा पिट्ठू घ्यायला हात लावला तर पुटपुटले, “राहू दे.” मला जरा धीर आला.

काठावर उतरलो. गावाकडं जायचा चढ समोर होता, अगदी लहानसा, गिरडच्या टेकडीपुढं काहीच नाही. बाबा दोन-चार पावलं चालले, थांबले, मागं वळले. खांद्यावरचा पट्टा सोडवला आणि पिट्ठू माझ्यासमोर धरला.

“घे.”

रोज मी तो मागत होते. आता समोर होता तर माझा हात पुढं होईना.

“तिथं मी आवडीनं नोतो बसलो,” बाबा हळू म्हणाले, “चालवतच नोतं.”

दवाखाना जवळ होता, हे एक बरं झालं. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, आणि चालणं बंद, आठवडाभर पडून राहा, मग गाडीनं सरळ घरी, असं मलाच बजावून सांगितलं. मास्तरांच्या पडवीत बाबा पडून राहिले. माडांची सावली कशी आहे, विहीर कुठं आहे, कुत्री किती आहेत, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. कुठं थांबायचं हा आमचा वाद मी जिंकले होते आणि मला तो हरायचा होता. सकाळी ऊन पडवीत यायचं तेव्हा ते समुद्राच्या बाजूला तोंड करून बसायचे आणि मी त्यांच्या ओठांकडं उघड उघड बघायची. आता ते चिडायचे नाहीत.

परतीच्या रेल्वेत पुलगाव गेलं तसे बाबा सावरून बसले. टोपी नीट केली.

“आन तो इकडं.”

“काय?”

“पिट्ठू. तुही माय येईन स्टेशनावर. तिनं काऊन पाहाव मले खाली हातानं?”

डब्यातली माणसं बघत होती, तरी मी दोन्ही पिट्ठू उघडले. त्यांच्यातलं जेवढं माझ्यात कोंबता आलं तेवढं कोंबलं: धोतरं, तांब्या, चादर, औषधं. उरलेलं पंच्यात गाठोडं करून काखेत मारलं. त्यांच्या पिट्ठूत शेजाऱ्याकडून घेतलेली जुनी वर्तमानपत्रं चुरगाळून भरली, पट्टे आवळले, आणि तो फुगलेला पिट्ठू त्यांच्या पाठीवर चढवला. बाबांनी खांदे हलवून बघितले. माझ्याकडं बघितलं नाही.

गाडी वर्ध्याला थांबली. आई फलाटावर होतीच. तिनं आधी बाबांची पाठ बघितली, मग तोंड. बाबा ताठ चालत तिच्याकडं गेले. “पाह्यला समुद्र,” म्हणाले, “लय मोठा हाये.”

“बरं झालं,” आई म्हणाली आणि सवयीनं त्यांच्या खांद्यावरचा पिट्ठू उतरवून घ्यायला पुढं झाली. या वेळी बाबांनी हात झटकला नाही. पिट्ठू तिच्या हातात आला तसा आतला कागद कुरकुरला. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या वाकलेल्या खांद्यांकडं, काखेतल्या गाठोड्याकडं. मला वाटलं, ही इथंच फलाटावर रडायला लागते.

आईनं तो रिकामा पिट्ठू दोन्ही हातांनी, कष्टानं उचलल्यासारखा उचलून कडेवर घेतला.

“केवढा जड हाये हो,” ती बाबांना म्हणाली, “चला, थकले असान.”